‘निघालो’ म्हणजे नेमके कुठे? : तेनेरिफ, १९७७

१

मराठीत विमानाविषयीची शब्दसंपत्ती तशी बेताचीच आहे. ‘विमान’ पुराणांनी दिले, ‘उड्डाण’ आपल्याकडे होतेच, आणि ‘धावपट्टी’ हा अतिशय नेटका शब्द छापील मराठीत केव्हाच रुळला. परंतु विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेपासून धावपट्टीपर्यंत स्वतःच्या इंजिनांच्या बळावर जमिनीवरून संथपणे चालत जाते, त्या क्रियेला मराठीत शब्द नाही. ज्या रस्त्यावरून ते जाते त्यालाही नाही. आपण ‘टॅक्सी करणे’ आणि ‘टॅक्सीवे’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीतही हा शब्द उसनाच आहे. भाडे मोजणाऱ्या टॅक्सीमीटरवरून भाड्याच्या मोटारीला टॅक्सी हे नाव पडले, आणि गिऱ्हाईक शोधत हळूहळू फिरणाऱ्या त्या मोटारीवरून १९१०च्या आसपासच्या वैमानिकांनी जमिनीवरच्या संथ चालीला तेच नाव दिले, असे सांगितले जाते.

शब्द नसणे हे बहुधा लक्ष नसण्याचे लक्षण असते. प्रवासी म्हणून आपणही या पाच-दहा मिनिटांकडे लक्ष देत नाही. पट्टे बांधलेले असतात, सूचना सांगून झालेल्या असतात आणि आपल्या लेखी प्रवास अजून सुरू व्हायचा असतो. भीती वाटलीच तर ती आकाशाची वाटते. विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत मोठा अपघात मात्र आकाशात झालेला नाही. तो जमिनीवर, दोन महाकाय विमाने एकाच धावपट्टीवरून चालत असताना झाला. त्यात ५८३ माणसे मेली आणि त्याच्या मुळाशी जी कारणे सापडली त्यांत एक कारण व्याकरणाचे होते. साहित्याच्या अभ्यासकांनी या घटनेकडे वळून पाहावे असे मला वाटते ते यासाठी.

२

प्रथम घटना. २७ मार्च १९७७, रविवार. अटलांटिक महासागरातील स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर दुपारी सव्वाच्या सुमारास एका फुलांच्या दुकानात बॉम्ब फुटला. बेटांच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या एका संघटनेने तो ठेवला होता. काही माणसे जखमी झाली आणि दुसऱ्या बॉम्बच्या धमकीमुळे विमानतळ बंद करण्यात आला. तिकडे येणारी विमाने शेजारच्या तेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. त्यांत दोन बोइंग ७४७ होती. एक डच कंपनी केएलएमचे, ॲमस्टरडॅमहून आलेले. दुसरे अमेरिकन कंपनी पॅन ॲमचे, लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कमार्गे आलेले. पॅन ॲमच्या या विमानाला इतिहासात आधीच एक जागा होती. जानेवारी १९७० मध्ये ७४७ जातीच्या विमानाने पहिली व्यावसायिक फेरी केली ती याच विमानाने.

लोस रोदेओस सहाशे मीटरहून अधिक उंचीवर, डोंगरांच्या खोबणीत आहे. तेथे जे धुके येते ते खरे तर समुद्रावरून सरकत येणारे ढगच असतात. क्षणात काही दिसत नाही, क्षणात बरेच दिसते. विमानतळाला एकच धावपट्टी, तिला समांतर एक टॅक्सीवे, आणि दोघांना जोडणारे चार आडवे रस्ते. वळवून आणलेल्या विमानांनी समांतर टॅक्सीवे अडवला होता. त्यामुळे धावपट्टीच्या दूरच्या टोकाला पोचण्यासाठी विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत जावे लागत होते. जमिनीवरच्या हालचाली दाखवणारे रडार तेथे नव्हते. धावपट्टीच्या मध्यरेषेवरचे दिवे बंद होते. आडव्या रस्त्यांवर त्यांची नावे लिहिलेली नव्हती.

अशा ठिकाणी ७४७ चालवणे म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागेल. या विमानाच्या पंखांची रुंदी सुमारे ६० मीटर, लांबी ७० मीटर. वैमानिकाचे डोळे जमिनीपासून साडेआठ मीटरांहून उंच, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. त्याला आपल्या पंखांची टोके दिसत नाहीत. पुढचे चाक त्याच्या पाठीमागे असते आणि मुख्य चाके त्याच्याही मागे सुमारे २५ मीटरवर. वळण घ्यायचे तर वैमानिकाने स्वतः वळणाच्या पुढे निघून जायचे, आपण रस्ता सोडून गवतावर चाललो आहोत असे वाटेपर्यंत थांबायचे, आणि मग वळायचे. तरच मागची चाके डांबरावर राहतात. हे अंगवळणी पडावे म्हणून बोइंगने सुरुवातीच्या काळात एका ट्रकवर उंच मचाण उभारून त्यावर नकली कॉकपिट बसवले होते. ७४७चे पहिले उड्डाण करणाऱ्या जॅक वॉडेल यांच्या नावावरून त्याला ‘वॉडेलची गाडी’ म्हणत. जगातले सर्वांत मोठे प्रवासी विमान उडवण्याआधी माणसांना ट्रकवर बसून चालायला शिकावे लागले!

ग्रान कनारिया पुन्हा खुले झाले, तेव्हा पॅन ॲमचे विमान निघायला तयार होते. परंतु पुढे केएलएमचे विमान इंधन भरत उभे होते आणि त्याला वळसा घालून जाण्यास जागा थोडक्यात कमी पडत होती. थांबणे भाग होते. मधल्या वेळात ढग उतरले. पाचच्या सुमारास केएलएमचे विमान धावपट्टीवरून चालत दूरच्या टोकाकडे निघाले. त्याच्या मागोमाग त्याच धावपट्टीवर पॅन ॲमला जायला सांगण्यात आले. त्याने डावीकडच्या तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडायचे होते.

येथून पुढे सगळे प्रश्न वाचनाचे आहेत.

३

पॅन ॲमच्या कॉकपिटमध्ये पहिला संभ्रम झाला तो ‘थर्ड’ आणि ‘फर्स्ट’ या दोन शब्दांचा. स्पॅनिश उच्चारातील ती सूचना नीट कळली नाही. कॅप्टनला ‘पहिला’ असे ऐकू आल्यासारखे वाटले. सहवैमानिकाने पुन्हा विचारले तेव्हा नियंत्रकाने एक, दोन, तीन अशी मोजदाद करून तिसराच, तिसरा, असे सांगितले. शब्द स्पष्ट झाला, पण अर्थ झाला का? तिसऱ्या रस्त्यावर वळायचे तर १४८ अंशांचे वळण घ्यावे लागे, म्हणजे जवळजवळ आल्या वाटेने मागे तोंड करावे लागे, आणि पुढे पुन्हा उलट दिशेने तेवढेच वळण. ७४७साठी हे अतिशय अवघड होते. चौथा रस्ता मात्र साध्या ४५ अंशांत सुटत होता. रस्त्यांवर नावे नाहीत, धुक्यात काही दिसत नाही, आणि तिसऱ्या रस्त्याला व्यवहाराच्या दृष्टीने अर्थ नाही. वैमानिक तिसरा रस्ता ओलांडून चौथ्याच्या रोखाने चालत राहिले. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी संहितेतला शब्द बाजूला ठेवून तिचा संभाव्य हेतू वाचला. आपण वर्गात विद्यार्थ्यांना अनेकदा हेच करायला सांगतो.

दुसरा संभ्रम याहून सूक्ष्म. केएलएमचे विमान टोकाला पोचून उलटे फिरले आणि उड्डाणाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. विमानाला निघण्यासाठी दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. एक मार्गाची, म्हणजे हवेत गेल्यावर कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेने जायचे याची. दुसरी प्रत्यक्ष उड्डाणाची. कॅप्टनने इंजिनांचा जोर वाढवायला सुरुवात केली तेव्हा सहवैमानिकाने, अजून परवानगी मिळालेली नाही, असे लक्षात आणून दिले. कॅप्टनने ते मान्य करून त्याला विचारायला सांगितले. उत्तरादाखल नियंत्रकाने मार्गाची परवानगी दिली. ती देताना ‘टेकऑफनंतर उजवीकडे वळा’ अशा अर्थाचे शब्द आले. ‘टेकऑफ’ हा शब्द वाक्यात होता. उड्डाणाची परवानगी नव्हती.

सहवैमानिकाने रीतीप्रमाणे ती सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी इंग्रजीत जोडले, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’.

या वाक्याचा अर्थ काय? नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी येऊन उभे आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा होते, आम्ही उड्डाण करत आहोत. स्टीव्हन कशिंग या भाषाभ्यासकाने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेटल वर्ड्स’ या पुस्तकात याची फार मार्मिक चिकित्सा केली आहे. डच भाषेत चालू क्रिया सांगण्याची एक सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी, की क्रियापदाला नामरूप देऊन त्यापूर्वी ‘-च्या ठायी’ अशा अर्थाचे अव्यय लावायचे. ‘मी वाचत आहे’ याऐवजी ‘मी वाचनाच्या ठायी आहे’. ताणाच्या क्षणी बोलणारा शब्द इंग्रजी वापरतो, पण सांगाडा मातृभाषेचा राहतो. इंग्रजी कानाला तोच ‘ॲट’ स्थळ दाखवतो. एकाच्या तोंडी क्रिया होती, दुसऱ्याच्या कानी जागा पडली.

या वाक्याला पाठभेदही आहे. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या काहींना तेथे ‘ॲट टेकऑफ’ ऐकू येत नाही. ‘नाऊ’नंतर जरासे अडखळून ‘टेकिंग ऑफ’ म्हटल्यासारखे वाटते. आपण ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील एकेका अक्षरासाठी हयात घालवणाऱ्या संशोधकांचा आदर करतो. येथे एका अव्ययाचा पाठ निश्चित करण्यासाठी तज्ज्ञांना ध्वनिफीत पुन:पुन्हा ऐकावी लागली.

आपण मराठी माणसांनी या संभ्रमाला हसू नये. आपल्या भाषेत उंबरठ्याचे व्याकरण याहून गमतीदार आहे. दूरध्वनीवर आपण ‘निघालो, निघालो’ म्हणतो तेव्हा पायांत चपलाही नसतात. ‘आलोच’ हा भूतकाळ आहे, पण म्हणणारा अजून आलेला नसतो. किंबहुना आलेला नसतो म्हणूनच तो ‘आलोच’ म्हणतो. दुकानदार ‘दिलंच बघा’ म्हणतो आणि माल अजून गोदामात असतो. घरातल्या माणसाला हे सर्व बरोबर कळते, कारण त्याला आपला स्वभाव ठाऊक असतो आणि स्वयंपाकघरातून आपण दिसत असतो. नियंत्रकाला धुक्यात विमान दिसत नव्हते. त्याच्यापाशी फक्त वाक्य होते.

४

त्या वाक्याला नियंत्रकाने प्रथम उत्तर दिले, ‘ओके’. मग क्षणभराचा विराम. मग, उड्डाणासाठी थांबून राहा, मी कळवतो, अशा अर्थाचे शब्द. नेमक्या त्याच क्षणी, केएलएमचे वाक्य ऐकून अस्वस्थ झालेल्या पॅन ॲमच्या सहवैमानिकानेही रेडिओवर सांगितले की आम्ही अजून धावपट्टीवर चालत आहोत. त्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये दोन्ही वाक्यांच्या जागी एक कर्कश शिट्टी ऐकू आली. स्वच्छ पोचला तो फक्त ‘ओके’. ज्या दोन वाक्यांपैकी कोणतेही एक सगळ्यांना वाचवू शकले असते, त्यांनी एकमेकांना पुसून टाकले.

तरीही एक संधी उरली होती. नियंत्रकाने पॅन ॲमला, धावपट्टी मोकळी झाली की कळवा, असे सांगितले आणि पॅन ॲमने होकार दिला. हा संवाद स्वच्छ ऐकू आला. धावत सुटलेल्या केएलएममध्ये तो फक्त फ्लाइट इंजिनिअरने ध्यानात घेतला. त्याने डचमध्ये विचारले : तो अजून बाजूला झालेला नाही का? कॅप्टनने ठामपणे उत्तर दिले : झालाय की. काही सेकंदांत धुक्यातून पॅन ॲमचे विमान समोर आले. पॅन ॲमच्या वैमानिकांनी विमान डावीकडे गवतात घालण्याचा प्रयत्न केला. केएलएमच्या कॅप्टनने विमान वेळेआधीच उचलण्याचा इतका प्रयत्न केला की शेपटी धावपट्टीवर घासत गेली. दोन्ही प्रयत्न अपुरे पडले. केएलएममधील सर्व २४८ आणि पॅन ॲममधील ३३५ माणसे मृत्यू पावली. पॅन ॲममधील ६१ जण वाचले.

फ्लाइट इंजिनिअरच्या त्या प्रश्नापाशी मला थांबावेसे वाटते. त्यात ‘टेकऑफ’सारखी संदिग्धता मुळीच नाही. तो प्रश्न अचूक होता, वेळेवर होता, आणि मातृभाषेत होता. तरी तो निष्फळ ठरला. कारण तो प्रश्न होता. कॅप्टन याकोब फेल्डहाउझेन व्हान झान्टेन हे केएलएमच्या ७४७ विमानांचे मुख्य प्रशिक्षक होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे छायाचित्र झळकत असे. अशा माणसाला ‘थांबा, धावपट्टीवर विमान आहे’ असे कोण म्हणणार? त्याला विचारायचे असते, तेही नकारार्थी. ही रीत आपल्याही चांगल्या परिचयाची आहे. वडिलधाऱ्यांचे चुकते आहे हे दिसत असताना आपण ‘तुमचे चुकले’ म्हणत नाही. ‘सर, हा श्लोक दुसऱ्या अध्यायातला नाही का?’ असे म्हणतो. ‘नाही का’ या दोन शब्दांत आपला आदर असतो आणि आपली माघारही असते. समोरच्याने ‘नाही’ म्हटले की आपण गप्प बसतो. वर्गात यात फारसे नुकसान नसते, असे आपण समजतो.

५

अपघातानंतर जे अहवाल आले ते समीक्षेच्या विद्यार्थ्याने वाचण्याजोगे आहेत. एकाच संहितेची ती दोन वाचने आहेत. स्पॅनिश तपासाने मूळ कारण कॅप्टनच्या कृतीत पाहिले : परवानगीशिवाय उड्डाण सुरू केले, थांबण्याची सूचना पाळली नाही, दुसरे विमान धावपट्टीवर असल्याचे कळूनही उड्डाण सोडून दिले नाही, आणि इंजिनिअरच्या शंकेला ठाम उत्तर दिले. डच बाजूने भर दिला तो परस्पर गैरसमजावर : कॅप्टनला परवानगी मिळाली आहे असे खरोखरच वाटले होते, तसे वाटण्याजोगे शब्द उच्चारले गेले होते, आणि दुसऱ्या विमानाने ठरलेला रस्ता चुकवला होता. पुढे केएलएमने जबाबदारी स्वीकारली आणि नुकसानभरपाई दिली.

पहिले वाचन आपल्याला पटकन पटते, आणि ते का पटते याचा विचार आपण करायला हवा. साहित्याने आपल्याला शोकांतिकेची सवय लावली आहे. थोर योग्यतेचा नायक, त्याच्या स्वभावातला एक दोष, त्याला वेळीच सावध करू पाहणारा दुय्यम पात्रातला कोणी, त्याचे न ऐकणे, आणि सर्वनाश. जाहिरातीतला चेहरा असलेला तो कॅप्टन या साच्यात इतका चपखल बसतो की तेनेरिफवरचे लोकप्रिय लेखन बहुतेक याच वाटेने जाते. या वाचनात असत्य काही नाही. कॅप्टनची घाई खरी होती. कामाच्या तासांची कडक मर्यादा त्याच्या डोक्यावर होती हेही खरे. परंतु या वाचनात एक सोय आहे. नायक मेला की गोष्ट संपते. उद्या दुसरा कॅप्टन येईल, तो इतका ताठर नसेल, आणि आपल्याला काही बदलावे लागणार नाही.

विमान वाहतुकीच्या जगाने, निदान या एका बाबतीत, गोष्ट संपू दिली नाही. त्यांनी नायकाऐवजी वाक्ये तपासली. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा; इतर सर्व ठिकाणी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक झाला. नुसत्या ‘ओके’ने भागवायचे नाही, धावपट्टीवर जाण्याची, तिच्याबाहेर थांबण्याची, उड्डाणाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची. जगातल्या सर्वांत व्यस्त भाषाव्यवहारांपैकी एकातून एका साध्या शब्दाचा रोजचा वापर काढून घेण्यात आला. तो जणू सोवळ्यात ठेवला गेला. आज एखाद्या शब्दाला असे मूल्य असेल असे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

दुसरी सुधारणा ‘नाही का’ची होती. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९७९ साली भरवलेल्या एका परिषदेपासून कॉकपिटमधील माणसांच्या परस्परसंबंधांचा पद्धतशीर अभ्यास आणि प्रशिक्षण सुरू झाले. कनिष्ठाने शंका प्रश्नरूपाने न विचारता विधानरूपाने मांडावी, आणि वरिष्ठाने ती ऐकावी, हे शिकवण्याचा विषय झाला. म्हणजे एक सुधारणा शब्दकोशाची होती आणि दुसरी सामाजिक व्याकरणाची. पहिली तुलनेने लवकर झाली. दुसरीला फार वेळ लागला.

भारतालाही या इतिहासात दुर्दैवाने वाटा आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे ७४७ आणि कझाकस्तानचे इल्यूशिन यांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हा तेथील चौकशीत पुढे आलेला एक मुद्दा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या क्षमतेची पातळी ठरवली, आणि ती मार्च २००८ पासून लागू झाली.

६

मग प्रश्न सुटला का? जमिनीवरचा इतिहास याचे उत्तर फार नम्र करणारे देतो.

शब्दांबरोबरच जमिनीवरही लिहिले गेले. मोठ्या विमानतळाचा टॅक्सीवे म्हणजे आज एक लिखित पृष्ठ असते. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे तुम्ही येथे आहात. पिवळ्या पाटीवर काळे अक्षर म्हणजे हा रस्ता तिकडे जातो. लाल पाटीवर पांढरे अक्षर म्हणजे परवानगीशिवाय पुढे पाऊल नाही. मध्यरेषेला हिरवे दिवे, कडांना निळे, थांबण्याच्या रेषेवर लाल. ही लिपी सुंदर आहे. पण लिपी जितकी स्पष्ट तितका तिच्यावरचा विश्वास आंधळा होण्याची शक्यताही असते. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचे ७४७ हिरव्या दिव्यांच्या मागोमाग वळत गेले आणि चुकीच्या, बांधकामासाठी बंद असलेल्या धावपट्टीवर जाऊन धावू लागले. त्या धावपट्टीचे टॅक्सीवेत रूपांतर करण्याचा बेत होता. पण तेथे ‘बंद’ असे सांगणारे काही नजरेत भरेल असे नव्हते. विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळले. ८३ जण मृत्यू पावले.

त्यानंतर वर्षभरातच, ८ ऑक्टोबर २००१ रोजी, मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एका लहान खाजगी विमानाला एका रस्त्याने जायला सांगितले होते आणि ते दुसऱ्याने गेले. वाटेत त्या वैमानिकाने जमिनीवर लिहिलेले एक नाव वाचून नियंत्रकाला कळवले. ते नाव नियंत्रकाच्या नकाशात नव्हते. जमिनीवर एक संहिता, टेबलावर दुसरी. नियंत्रकाने ते नाव सोडून दिले. जमिनीवरच्या हालचाली दाखवणारे रडार कार्यरत नव्हते. ते विमान उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाच्या वाटेत आले आणि ११८ माणसे मेली. तेनेरिफनंतर चोवीस वर्षांनी धुके, रडारचा अभाव आणि चुकलेला रस्ता ही तीनही पात्रे पुन्हा त्याच भूमिकांत उभी होती.

कधी हानी थोडक्यात टळते. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्ग येथे ब्रिटिश एअरवेजच्या ७४७ने वळणारा टॅक्सीवे सोडून सरळ जाणारा अरुंद टॅक्सीवे धरला, आणि त्याचा उजवा पंख एका इमारतीत घुसला. विमानातले सर्व सुखरूप राहिले, इमारतीतल्या काहींना किरकोळ दुखापती झाल्या. वैमानिकाला आपल्या पंखाचे टोक दिसत नाही, हे जुने सत्य पुन्हा सिद्ध झाले. सुमारे ८० मीटर पंखविस्ताराच्या एअरबस ए-३८०ला शेपटीवर कॅमेरा बसवावा लागला तो याचसाठी.

आणि अगदी अलीकडे, २ जानेवारी २०२४ रोजी, टोकियोच्या हानेदा विमानतळावर. आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपातील लोकांसाठी मदत घेऊन निघालेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला नियंत्रकाने धावपट्टीबाहेरच्या ठरावीक थांब्यापर्यंत यायला सांगितले, आणि त्यासोबत ‘नंबर वन’ असे शब्द उच्चारले. अर्थ एवढाच, की निघणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही पहिले. कॅप्टनची समजूत अशी झाली की आपल्याला धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली. ते विमान धावपट्टीवर सुमारे चाळीस सेकंद उभे होते. त्यावर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० उतरले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक विमानातील सहांपैकी पाच मेले. त्यानंतर जपानमध्ये काही काळ नियंत्रकांनी क्रम सांगण्यासाठी ‘नंबर वन’ म्हणणे बंद केले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ‘टेकऑफ’ला जे झाले तेच पुन्हा झाले : माणसे मेल्यावर एक शब्द बाजूला काढून ठेवण्यात आला.

७

आपण साहित्याचे लोक संदिग्धतेला श्रीमंती मानतो, आणि ते योग्यच आहे. कवितेतल्या एका शब्दाला चार अर्थ असले तर चारही आपल्या हाती लागतात. परंतु या सवयीतून असा एक समज तयार होतो की स्पष्टता ही भाषेची सोपी, कोरडी, कार्यालयीन अवस्था आहे आणि संदिग्धता ही तिची सर्जनशील अवस्था. टॅक्सीवेचा इतिहास याच्या उलट सांगतो. भाषा आपोआप संदिग्धच असते. ती तशी होण्यासाठी कोणी कवी लागत नाही. थकलेला सहवैमानिक पुरतो. एका वाक्याला एकच अर्थ राहावा म्हणून मात्र शेकडो माणसांना वर्षानुवर्षे राबावे लागते, आणि तरी ‘नंबर वन’ निसटतो. ‘निघालो’ ऐकताना बोलणारा नेमका कुठे उभा आहे हे विचारण्याचे कष्ट ऐकणाऱ्यानेच घ्यायचे असतात.

दुसरी गोष्ट आपल्या वर्गांविषयीची. तेनेरिफच्या धावपट्टीवर सर्वांत योग्य वाक्य सर्वांत कनिष्ठ सुरात बोलले गेले. आपल्या विभागांत, चर्चासत्रांत, प्रबंधांच्या तोंडी परीक्षांत असे किती प्रश्न ‘नाही का’ म्हणून उठतात आणि ‘झालाय की’ ऐकून खाली बसतात? तेथे विमान आदळत नाही, म्हणून चौकशी होत नाही, आणि म्हणून सुधारणाही होत नाही.

१९७८च्या नोव्हेंबरात तेनेरिफच्या दक्षिणेस, त्या ढगांपासून दूर, नवा विमानतळ सुरू झाला. लोस रोदेओस आजही चालू आहे. २७ मार्च २००७ रोजी, तीस वर्षांनी, तेनेरिफच्या मेसा मोता टेकडीवर या अपघाताचे आंतरराष्ट्रीय स्मारक उघडण्यात आले. डच शिल्पकार रुडी व्हान दे विंट यांनी रचलेला तो लोखंडी गोल जिना आहे. आकाशाच्या दिशेने वळत जाणारा आणि मध्येच संपणारा. त्यावर फार शब्द लिहिण्याची गरज नव्हती. त्या दिवशीचे शब्द तसेही जगभरातल्या नियंत्रण कक्षांत रोज, प्रत्येक विमानाला, तोलूनमापून म्हटले जातात.